निरोगी शेळीचा ज्वर

तालमीत घुमणाऱ्या पोराला पहाटे गोठ्यात नेऊन सडातून सरळ त्याच्या तोंडात धार सोडणे हे ज्या काळी वडीलधाऱ्यांच्या वात्सल्याचे लक्षण समजले जाई, त्या काळी धारोष्ण दुधाविषयी शंका काढणारा मनुष्य अरसिक तरी ठरला असता, नाहीतर चार बुके शिकून बिघडलेला तरी. परंतु हीच आवड भूमध्य समुद्रातील एका बेटावर इंग्रजांच्या पलटणींना वर्षानुवर्षे कशी भोवली, याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

माल्टा हे तेव्हा इंग्रजी आरमाराचे मोठे ठाणे होते. तेथे वॅलेटाच्या गल्ल्यांतून शेळ्यांचे कळप हिंडवीत, गिऱ्हाईकाच्या उंबरठ्याशी शेळी उभी करीत आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच भांड्यात धार काढून देत. दुधात पाणी नाही याचा याहून सबळ पुरावा कोणता मागावा? भेसळीचा बंदोबस्त असा पक्का होता, आणि नेमक्या त्याच वाटेने एक विलक्षण ताप शिबंदीत शिरत होता. तो चढे, काही दिवसांनी उतरे, रोगी बरा झाला असे वाटावे तोच पुन्हा चढे. घामाने अंथरूण भिजे, सांधे धरत, आणि हे रहाटगाडगे कित्येक आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने चाले. मरणारे थोडे असत, पण खाटेला खिळून सरकारी कामास निरुपयोगी होणारे फार. 1887 साली लष्करातील शल्यवैद्य डेव्हिड ब्रूस यांनी या तापाने दगावलेल्या शिपायांच्या प्लीहेतून मिळालेल्या एका अतिसूक्ष्म जंतूची माहिती प्रसिद्ध केली. गुन्हेगार सापडला, तो येतो कोठून, हे मात्र पुढे सतरा-अठरा वर्षे कोणाला कळेना. गटारांवर संशय गेला, बंदराच्या दुर्गंधीवर गेला, डासांवरही गेला.

अखेर 1904 साली ब्रूस यांच्याच अध्यक्षतेखाली चौकशीमंडळ नेमले गेले, आणि त्यातील थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच रहिवासी वैद्याने 1905 च्या जूनमध्ये, ज्यांना काहीही टोचलेले नव्हते अशा शेळ्यांचे रक्त तपासले. रोग्याच्या रक्तद्रवात हे जंतू मिसळले की त्यांच्या गुठळ्या होतात. शेळ्यांच्या रक्तातही त्या झाल्या. पुढे बेटावरील कळप तपासले तेव्हा जवळजवळ निम्म्या शेळ्यांना संसर्ग झाल्याचे आढळले आणि सुमारे दहांत एकीच्या दुधातून जिवंत जंतू बाहेर पडत होते. या शेळ्या आजारी नव्हत्या. अंगाने धष्टपुष्ट, केसाने तुकतुकीत, दुधाला भरपूर! संशयितांच्या यादीत त्यांचे नाव इतकी वर्षे आले नाही ते याच कारणाने.

1906 साली सैन्याच्या मुदपाकखान्यातून शेळीचे दूध हद्दपार झाले, त्याच्या जागी डब्यातले आटीव दूध आले आणि तापाचे रोगी झपाट्याने घटले. बेटावरील रयत मात्र कच्चे दूध पीत राहिली आणि तापही भोगत राहिली. हुकूम शिबंदीपुरता होता. दरम्यान 1905 च्या ऑगस्टमध्ये साठांहून अधिक माल्टी शेळ्या अमेरिकेकडे निघाल्या होत्या. ‘जोशुआ निकल्सन’ जहाजावरील मंडळींनी वाटेत त्यांचे दूध यथेच्छ प्यायले, आणि त्यांतील अनेकांना हाच ताप आला. मुद्दाम योजूनही इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच साधला असता.

गायींचा संबंध उलगडला तो अमेरिकेत. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांनी 1897 मध्ये गायींच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू शोधला होता. तो आणि माल्टाचा जंतू निकटचे आप्त आहेत, असे अ‍ॅलिस इव्हान्स या संशोधिकेने 1918 साली मांडले आणि गायीचे कच्चे दूधही निर्धोक नाही, असे बजावले. एक तर बाई, त्यात डॉक्टरेटची पदवी नाही. पंडितांनी तिचे म्हणणे बराच काळ मनावर घेतले नाही. 1922 साली प्रयोगशाळेतच तिला हा संसर्ग जडला आणि त्याने अनेक वर्षे तिची पाठ सोडली नाही. या जंतुकुळाला ब्रूस यांच्या नावावरून ‘ब्रुसेला’ म्हणतात. त्या नावात तिचा मागमूस नाही.

क्षीण झालेल्या देहाची वाट पाहत बसणारे संधिसाधू जंतू निराळे. ब्रुसेला धडधाकट शिपायालाही सोडत नाही. परकीय जंतू गिळून पचवणे हे ज्या पेशींचे काम, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो, आणि ताप पुन्हा पुन्हा उलटतो त्याचे इंगित तेथे आहे. तरीही मनुष्य हे त्याचे घर नव्हे. माणसापासून माणसाला हा रोग सहसा होत नाही, म्हणजे आपल्या शरीरात शिरलेला जंतू आडवाटेलाच लागलेला असतो. त्याचा खरा संसार गाभण जनावराच्या गर्भाशयात. तेथील वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करा विपुल असते, तिच्यावर तो बेसुमार वाढतो आणि जनावर गाभडते.

आपल्याकडील शेतकऱ्याला भय आहे ते येथेच. दूध चुलीवर उतू जाईपर्यंत तापवण्याच्या घरोघरच्या शिरस्त्याने आपले पुष्कळ रक्षण केले आहे (चिकाचा खरवसही वाफेवर शिजतो, हे खवय्यांचे भाग्य), पण सहाव्या-सातव्या महिन्यात गाय गाभडली, वार अडकली, की मालक उघड्या हाताने ती ओढून काढतो आणि बांधापलीकडे भिरकावतो. कुत्री ती गावभर नेतात. पुढे कधीतरी त्याला ताप भरतो, विषमज्वर किंवा हिवताप समजून औषधे होतात आणि कंबर धरली ती शेतकामाने, असे तो म्हणतो. निदान झाल्यास दोन प्रतिजैविके जोडीने किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरताच ती मध्येच सोडणाराला तो पुन्हा गाठतो. जनावरांसाठी लस आहे. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच टोचतात, गोऱ्ह्यांना नाही. आणि तिच्यातील जंतू दुर्बळ केलेले असले तरी जिवंत असल्यामुळे, कालवडीने ऐन वेळी अंग झाडले आणि सुई हातात शिरली, तर पशुवैद्यालाच हा ताप येऊ शकतो.