आगगाडीच्या आधी आलेला माल

उदयाला येणारे राष्ट्र दूरच्या देशाशी नाते जोडते ते कशाच्या बळावर? झांबियाचेच पाहा. देश तांब्याचा, पण त्याला समुद्र नाही. १९६५ साली शेजारच्या ऱ्होडेशियात गोऱ्यांनी एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले आणि माल बाहेर नेण्याची दक्षिणेकडील वाट बेभरवशाची झाली. टांझानियातून दारेसलाम बंदरापर्यंत आगगाडी न्यावी, हा बेत जागतिक बँकेला आतबट्ट्याचा वाटला. चीनने मात्र बिनव्याजी कर्ज दिले आणि १९७० ते १९७५ या काळात सुमारे १,८६० किलोमीटरचा मार्ग बांधून काढला. चीन तेव्हा स्वतः काही श्रीमंत नव्हता.

मग मजुरांचा पगार कोठून आला? येथेच खरी मेख आहे. या खर्चासाठी चीनने रोकड दिली नाही, माल दिला. दोन्ही देशांनी तो आपल्या दुकानांतून विकावा व आलेल्या पैशातून स्थानिक खर्च भागवावा, असा करार होता. मार्ग पुरा होण्यापूर्वीच चिनी माल बाजारात पोहोचला!

२५ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात बीजिंग सरकारला चीनची जागा देणारा ठराव ७६ विरुद्ध ३५ मतांनी संमत झाला. त्यात आफ्रिकी मतांचा वाटा मोठा होता. पुढे हा मार्ग खालावला. त्याच्या पुनरुज्जीवनासाठी २०२४ साली तिन्ही देशांनी बीजिंगमध्ये पुन्हा सह्या केल्या. या खेपेस भाषा बिनव्याजी कर्जाची नव्हती, मक्त्याची होती.