घराची कुंपण भिंत नियमापेक्षा उंच हवी आहे? विशेष परवानगीबद्दल माहिती

माकडांचा त्रास, मोकाट जनावरे, चोरीची भीती, किंवा रस्त्याने जाणाऱ्याची नजर थेट स्वयंपाकघरात पोहोचते म्हणून अनेकांना घराची कुंपण भिंत फूट-दोन फूट वाढवावीशी वाटते. भिंत आपल्या जागेत आणि आपल्या पैशाने बांधायची असली तरी तिची उंची नियमाने ठरलेली असते. नियमापेक्षा जास्त उंची हवी असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते. अशी परवानगी मागण्याची तरतूद आहे. मात्र तिची गरज जितकी वाटते तितकी अनेकदा नसते, म्हणून अर्ज लिहिण्याआधी पुढील माहिती वाचावी.

नियम काय आहे?

इमारत बांधकामाचे नियम केंद्र सरकार थेट लागू करत नाही. हा विषय राज्ये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आहे. केंद्राने आदर्श इमारत उपविधी २०१६ हा नमुना दिला आहे, तर राज्ये आपापली नियमावली करतात. महाराष्ट्रात बहुतांश ठिकाणी २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कार्यालयात सगळे तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. मुंबई महानगरपालिका हद्दीसाठी वेगळी नियमावली आहे. पुणे, खडकी, देवळालीसारख्या ठिकाणी कटक मंडळाच्या हद्दीत राहत असाल तर मंडळाकडेच चौकशी करावी.

यूडीसीपीआरनुसार कुंपण भिंतीची कमाल उंची १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट आहे. वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसेल असा ठेवल्यास एकूण उंची २.४ मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ फुटांपर्यंत नेता येते. मूळ इंग्रजी शब्दाचे भाषांतर काही ठिकाणी ‘खुले बांधकाम’ असे आढळते. मीही सुरुवातीला तेच लिहिले होते, पण त्यातून अर्थबोध होत नाही. खालचे पाच फूट वीट किंवा दगड आणि वरचे तीन फूट लोखंडी ग्रिल, गज किंवा जाळी, असा याचा साधा अर्थ आहे. ग्रिलला आतून पत्रा किंवा हिरवे कापड ठोकले की ते आरपार राहत नाही आणि सवलतीचा आधार जातो.

चोरी किंवा जनावरे ही अडचण असेल तर एवढी उंची बहुतेक घरांना पुरते आणि त्यासाठी वेगळी सवलत मागावी लागत नाही. बांधकामाची नेहमीची परवानगी मात्र लागते का, हे बांधकाम विभागात विचारून घ्यावे.

कोपऱ्यावरच्या भूखंडाला नियम अधिक कडक आहे. दोन रस्ते मिळतात तेथून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरपेक्षा उंच चालत नाही. त्यावरचा ०.७५ मीटर भाग जाळीचा करता येतो. वळणाऱ्या चालकाला पलीकडचे सायकलवरचे मूल वेळेत दिसावे, हे त्यामागचे साधे कारण आहे. या भागात सवलत मिळण्याची आशा धरू नये, आणि खरे तर ती मागूही नये.

उंची कुठून मोजतात?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. भिंतीची उंची आपल्या अंगणातून मोजत नाहीत. ती समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून मोजतात.

डांबराचे थर चढून रस्ता तुमच्या अंगणापेक्षा ३० सेंटिमीटर उंच झाला असेल, तर आतून १.८ मीटरची दिसणारी भिंतही नियमात बसते. अशा वेळी सवलतीचा अर्ज करण्याचे कारणच नाही. याउलट तुमचा भूखंड चढावर असेल आणि अंगण रस्त्यापेक्षा ६० सेंटिमीटर वर असेल, तर आतल्या बाजूने जेमतेम ९० सेंटिमीटरची भरीव भिंत बांधता येते. तेवढी भिंत पाच वर्षांचे मूलही चढून जाते आणि पलीकडे खाली रस्ता असतो. विशेष परवानगीचा खरा आधार अशा ठिकाणी असतो. म्हणून सर्वप्रथम अभियंत्याकडून रस्त्याची व अंगणाची पातळी मोजून घ्यावी.

सवलत कोणत्या कारणावर मिळते?

उंचीच्या नियमातच ‘विशेष परवानगीखेरीज’ असे शब्द आहेत. शिवाय स्पष्टपणे दाखवून देता येईल अशी अडचण असल्यास, कारणे लेखी नोंदवून नियमातील मोजमापे शिथिल करण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. त्यामुळे आरोग्य, अग्निसुरक्षा, बांधकामाची मजबुती किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये.

‘दाखवून देता येईल अशी’ या शब्दांवरच अर्ज तरतो किंवा बुडतो. माझ्या आत्याचे घर एका लहान शहरात चढावर आहे. काका गेल्यानंतर ती एकटी राहते. तिने पहिल्या अर्जात ‘मी एकटी असते, भीती वाटते’ असे लिहिले. तो अर्ज परत आला. भीती खरी होती, पण नस्तीवर लिहायला अधिकाऱ्याकडे काही नव्हते. दुसऱ्या वेळी तिने पातळ्यांचा नकाशा, मागच्या उंच गल्लीतून भिंतीवर पाय टाकता येतो हे दाखवणारे फोटो आणि आधीच्या चोरीच्या तक्रारीची प्रत जोडली. मागच्या बाजूची वाढीव उंची मंजूर झाली, रस्त्याकडची झाली नाही. तिकडे तिने ग्रिल लावले.

घर सुंदर दिसावे किंवा शेजाऱ्याची भिंत आपल्यापेक्षा उंच आहे, ही कारणे टिकत नाहीत. शेजाऱ्याची भिंत मुळात विनापरवाना असू शकते.

अर्जासोबत काय जोडावे?

अर्ज महानगरपालिका, नगरपरिषद किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाच्या बांधकाम विभागाकडे, परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदामार्फत करावा. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, घरपट्टीची पावती, मंजूर नकाशा, भिंतीचा छेद दाखवणारा नकाशा, फोटो आणि भिंतीच्या मजबुतीबद्दल अभियंत्याचा दाखला ही कागदपत्रे सर्वसाधारणपणे लागतात. जुन्या पायावर नुसते विटांचे थर चढवणे धोक्याचे असते, त्यामुळे शेवटच्या दाखल्याला औपचारिकता समजू नये. हद्दीबद्दल थोडीही शंका असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत घ्यावी. लगतच्या शेजाऱ्याचे लेखी संमतिपत्र मिळाले तर तेही जोडावे. घर सोसायटीच्या आवारात असेल तर कुंपण एकट्याचे नसते, आधी सोसायटीचा ठराव लागेल.

शेजाऱ्याचा मुद्दा इथेच संपत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार एखाद्या घराला २० वर्षे हक्काने आणि विनाअडथळा मिळत आलेल्या उजेडावर व हवेवर हक्क निर्माण होऊ शकतो. पालिकेच्या परवानगीने हा हक्क नाहीसा होत नाही. उंच भिंतीने त्यांची खिडकी अंधारणार असेल, तर परवानगी हातात असूनही दिवाणी न्यायालयात जायची वेळ येऊ शकते.

राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते.

उत्तर आले नाही किंवा नकार आला तर?

‘६० दिवस झाले, म्हणजे परवानगी मिळाली’ असा समज सर्रास आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मधील मानीव परवानगी केवळ नियमात पूर्णपणे बसणाऱ्या प्रस्तावाला लागू होते. तुम्ही नियमाबाहेरची उंची मागत असल्याने मौनाचा अर्थ होकार होत नाही. आवक क्रमांक असलेली पोच जपून ठेवावी आणि लेखी पाठपुरावा करावा.

नकार मिळाल्यास किंवा जाचक अटी घातल्यास, आदेश कळवल्याच्या तारखेपासून ४० दिवसांच्या आत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते.

भिंत आधीच बांधून झाली असेल आणि कलम ५३ ची नोटीस आली असेल, तर नोटिशीतील मुदत संपण्याआधी बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो. दरम्यान भरीव भाग १.५ मीटरवर उतरवून वर ग्रिल बसवायला किती खर्च येईल, हे गवंड्याला विचारून ठेवावे.

महाराष्ट्राबाहेर, म्हणजे इंदूर, वडोदरा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या वाचकांनी वरील कलमे आपल्या अर्जात लिहू नयेत. तेथील कायदा आणि मोजमापे वेगळी असू शकतात. स्थानिक इमारत उपविधींमध्ये कुंपण भिंतीचे आणि शिथिलतेचे कलम शोधून त्याचाच उल्लेख करावा.