वीस हजार मुलं की पन्नास जुळ्या जोड्या?

आज २९ जून, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांची जयंती आणि म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी दिन. २००७ पासून तो सरकारी इतमामात साजरा होतो. भाषणं होतील आणि ‘डेटा म्हणजे नवं तेल’ हे वाक्य एकदा तरी कानावर पडेलच. तेलाचं राहू द्या, आपण दुधाबद्दल बोलू.

१९३० च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यात शाळकरी मुलांवर एक अवाढव्य प्रयोग सुरू झाला. पाच हजार मुलांना रोज पाऊण पाइंट कच्चं दूध, पाच हजारांना पाश्चराइज केलेलं आणि दहा हजारांना काहीच नाही. त्यांची फक्त उंची आणि वजन घ्यायचं. चार महिने, ६७ शाळा, वीस हजार मुलं. एवढ्या आकड्यांपुढे कोण शंका काढणार?

शंका काढली ती डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवणाऱ्या एका माणसानं. विल्यम सीली गॉसेट त्याचं नाव. पण कंपनीच्या नियमांपायी त्याला स्वतःच्या नावानं शोधनिबंध छापता येत नसत, म्हणून तो ‘स्टुडंट’ या नावानं लिही. १९३१ मध्ये ‘बायोमेट्रिका’त त्यानं या प्रयोगाची जी चिरफाड केली, ती माझ्या मते संख्याशास्त्रातलं सर्वांत वाचनीय लिखाण आहे.

त्याच्या मते, घोळ झाला होता शिक्षकांच्या चांगुलपणामुळे. दूध कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या अक्षरक्रमानं ठरलं होतं. पण एखाद्या गटात फारच धष्टपुष्ट किंवा फारच हडकुळी मुलं जमली असं वाटलं, तर अदलाबदलीची मुभा होती. हडकुळं पोर समोर उभं असताना कोणता मास्तर त्याला बिनदुधाच्या रांगेत धाडील? परिणाम असा, की प्रयोग सुरू होतानाच बिनदुधाची मुलं दुधाच्या मुलांपेक्षा वजनात सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीत चार महिन्यांच्या वाढीनं पुढे होती. भरीला वजनं घेतली कपड्यांसकट! फेब्रुवारीत लोकरीचे थर, जूनमध्ये पातळ सदरे. खात्यापित्या घरच्या मुलांचे कपड्यांचे थर जास्त, म्हणून त्यांचं वजन कागदावर जास्त घटलं. गरिबाच्या अंगावर उतरवण्यासारखं होतंच काय? शिवाय कच्चं आणि पाश्चराइज केलेलं अशी दोन्ही दुधं एकाच शाळेत कुठेही दिली नव्हती. मग फरक दुधाचा की शाळेचा, हे कसं सांगणार?

स्टुडंटनं सुचवलेला उपाय ऐकून आयोजकांना घाम फुटला असेल. एकसारख्या जुळ्या मुलांच्या पन्नास जोड्या घ्या, एकाला एक दूध आणि दुसऱ्याला दुसरं द्या. खर्च या प्रयोगाच्या एक-दोन टक्के, आणि उत्तर वीस हजार मुलांपेक्षा जास्त भरवशाचं.

हे छातीठोकपणे सांगता आलं, कारण जोडीची ताकद त्यानं १९०८ मध्येच दाखवली होती. त्या निबंधातलं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या मनोरुग्णालयाचं. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, आणि प्रत्येकाची झोप किती तास वाढली याची नोंद. पहिल्या औषधानं सरासरी ०.७५ तास, दुसऱ्यानं २.३३. (गंमत म्हणजे औषधांची नावं गॉसेटनं चुकीची टिपली आणि ती चूक पुढे संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या ग्रंथातही उतरली. आकडे मात्र शाबूत राहिले.)

हे वीस आकडे वीस वेगळ्या माणसांचे आहेत असं समजून दोन सरासऱ्या ताडून पाहिल्या, तर हाती फारसं लागत नाही. औषधांत काहीच फरक नसता तरी निव्वळ योगायोगानं एवढं अंतर पडण्याची शक्यता निघते शंभरात आठ. कारण माणसामाणसांतच तफावत प्रचंड: कुणाची झोप साडेपाच तासांनी वाढली, कुणाची उलट घटली. आता तेच आकडे रुग्णागणिक वजा करा. १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. दहांपैकी एकालाही पहिलं औषध सरस ठरलं नाही. एकाला दोन्ही सारखी. गाढ झोपणारा असो की रात्रभर तळमळणारा, ज्याचा त्याचा स्वभाव वजाबाकीत कटला आणि उरला तो औषधांतला फरक. योगायोगाची शक्यता हजारात तीनवर आली. खुद्द गॉसेटनं लिहिलं, दुसरं औषध सरस असल्याची पैज ६६६ ला १ लावता येईल.

म्हणजे आकडे तेच असताना निकाल बदलतो. म्हणूनच जोडी मागाहून लावायची सोय नसते; ती प्रयोगाआधी ठरवावी लागते. इथे भले भले घसरले आहेत. चार्ल्स डार्विननं मक्याची रोपं एकाच कुंडीत समोरासमोर लावली होती, एक परपरागणाचं, एक स्वपरागणाचं, अशा पंधरा जोड्या. आकडे तपासायला दिले आतेभाऊ फ्रान्सिस गॉल्टनकडे. गॉल्टननं दोन्ही रांगा उंचीनुसार लावल्या, सर्वांत उंचासमोर सर्वांत उंच. चित्र सुबक झालं आणि डार्विनची सगळी मेहनत पाण्यात गेली! पुढे १९३५ मध्ये फिशरनं मूळ जोड्या धरून हिशेब केला. जोडीच्या चाचणीत ‘योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी’ म्हणायची रेघ २.१४५ वर होती. डार्विनच्या मक्याला मिळाले २.१४८. काठावर पास.

पण एकाच माणसाची ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही जोडी सर्वांत फसवी. माणूस तोच असला तरी तो रोज सारखा नसतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हेच वर्षानुवर्षं सांगत होते: एकाच निरोगी माणसाचा आहार दिवसागणिक कमी-जास्त होतो, म्हणून कॅलरींची ठरावीक रेघ ओढून तिच्याखालच्या प्रत्येकाला कुपोषित म्हणू नका. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यांना कडाडून विरोध केला. त्या वादात मी दांडेकरांच्या बाजूचा, कारण सुखात्म्यांच्या हिशेबात भूक कमी मोजली जाण्याचा धोका मला दिसतो. पण आकड्यांचं हे रोजचं हेलकावणं विसरू नका, ही त्यांची ताकीद रास्तच होती.

शाळेतही तसंच: अभ्यासात कच्ची म्हणून निवडलेली मुलं पुढच्या परीक्षेत थोडी वर येणारच. निवडीच्या दिवशी काहींचा फक्त दिवस वाईट होता. त्यात सहा महिन्यांचं वय वाढलं, पेपरची सवय झाली. या सगळ्याचं श्रेय मात्र नव्या ॲपला, नव्या गुटीला, नव्या उपक्रमाला! जोडीची चाचणी इथे बिनचूक चालते आणि तद्दन खोटं बोलते, कारण तिला फरक मोजता येतो, फरकाचं कारण नाही.

नव्या शैक्षणिक वर्षात जिल्हा परिषदांपासून खासगी क्लासपर्यंत असे ‘प्रयोग’ पुन्हा सुरू होतील. ते करणाऱ्यांना विनंती एवढीच: मुलांच्या जोड्या आधी लावा, कुणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकून ठरवा, आणि एकदा चिठ्ठी निघाली की मास्तरांनाच काय, कलेक्टरसाहेबांनाही तिला हात लावू देऊ नका.