विद्यापीठाच्या कारभारात अध्यापकांचा सहभाग

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, तेव्हा अधिसभेच्या सदस्यांची नियुक्ती सरकार करीत असे आणि ती तहहयात असे. अध्यापकांना आपला प्रतिनिधी निवडून पाठविण्याचा अधिकार नव्हता. १९०४ च्या कायद्याने सदस्यत्वाची मुदत पाच वर्षांवर आणली व सिंडिकेटवर अध्यापकांना स्थान दिले. तथापि अधिसभेत सरकारनियुक्त सदस्यांचेच प्राबल्य राहिले.

आज राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांना २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू आहे. त्यानुसार महाविद्यालयीन अध्यापक अधिसभेवर आपले दहा प्रतिनिधी निवडून देतात. त्यांपैकी पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक अशा राखीव आहेत. वार्षिक अंदाजपत्रक व लेखापरीक्षा अहवाल अधिसभेपुढे येतात. ग्रामसभेचा अनुभव असलेल्या पंचायत सदस्यांना हे काम परिचयाचे वाटेल.

अधिसभेच्या निवडणुकीची चर्चा फार होते. अभ्यास मंडळाची मात्र क्वचितच. वास्तविक विद्यार्थ्याच्या हाती पडणारा अभ्यासक्रम तेथे आकारास येतो. या मंडळावर काही विभागप्रमुख निवडून येतात, काहींना कुलगुरू नामनिर्देशित करतात. नेमलेल्या प्रयोगाची उपकरणे तालुक्याच्या महाविद्यालयात नाहीत, संदर्भग्रंथ मराठीत उपलब्ध नाही, नेमलेले घटक एका सत्रात पुरे होत नाहीत, या गोष्टी तेथे शिकविणाराच जाणतो. अभ्यासक्रम विद्या परिषदेकडे जाण्यापूर्वीच त्या मांडल्या गेल्या, तर दुरुस्ती सुलभ होते.

येथे एक अडचण मात्र दुर्लक्षून चालणार नाही. अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे अध्यापक म्हणजे मान्यताप्राप्त पूर्णवेळ अध्यापक. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना या निवडणुकांत मत नाही. ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचे पूर्णवेळ पद रिक्त आहे, तेथे तो विषय प्रत्यक्ष शिकविणाऱ्याचे म्हणणे मतपेटीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून रिक्त पदांचा प्रश्न हा केवळ अध्यापनाचा नव्हे, प्रतिनिधित्वाचाही आहे.

पदे भरली जाईपर्यंत प्राचार्यांना एक गोष्ट सहज करता येईल. अभ्यास मंडळाच्या बैठकीपूर्वी विभागातील सर्वांना, तासिका तत्त्वावरील अध्यापकांसह, एकत्र बसवून त्यांच्या सूचना लेखी स्वरूपात मंडळाच्या अध्यक्षांकडे पाठवाव्यात.