शाळेतली चित्रकला (लेखांक ६) : स्मरणचित्रातली माणसं

मागच्या आठवड्यात आपण चौथीपर्यंत आलो होतो. त्यापुढच्या काळात, साधारण नऊ ते बारा या वयात, मुलांची चित्रं बदलतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालच्या आपल्या ग्रंथात हा बदल नीट मांडला आहे. तोवर कागदाच्या तळाशी एका रेषेवर रांगेत उभी असलेली घरं, झाडं, माणसं त्या रेषेवरून सुटतात. पुढची वस्तू मागचीला झाकते, हे मुलाला उमगतं. आणि आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ झालं नाही, हेही दिसू लागतं. खोडरबर जास्त झिजतो तो याच वयात. ‘मला चित्र येत नाही’ असं मूल इथेच म्हणायला लागतं.

यानंतर, बहुधा आठवी-नववीत, आपल्याकडची मुलं कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्राचा वेगळा पेपर असतो: आठवडी बाजार, बसथांबा, जत्रा अशा धाटणीचे विषय, आणि समोर काहीही नाही. मला हा पेपर सगळ्यांत मोलाचा वाटतो. वस्तुचित्राच्या वेळी घागर डोळ्यांपुढे असते. इथे मुलानं आधी कधीतरी मन लावून पाहिलेलं असावं लागतं. अनेक ठिकाणी तयारी मात्र भलतीच होते. टोपलीवाली बाई, पिशवी घेतलेला पाठमोरा माणूस, फुगेवाला अशा पाच-सहा आकृत्या घोटून घ्यायच्या आणि विषय कोणताही येवो, त्या बसवायच्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्यामुळे पालकांची घाई मी समजू शकतो. पण या घाईत मुलाचं पाहणंच राहून जातं.

ते चित्रात लगेच कळतं. सपाट मैदानावरच्या गर्दीत आपण उभे राहिलो, तर आपल्याच उंचीच्या जवळच्या आणि लांबच्या माणसांची डोकी साधारण एकाच पातळीवर, आपल्या डोळ्यांच्या रेषेवर दिसतात. फरक पडतो पायांत: माणूस जितका जवळ, तितके त्याचे पाय कागदावर खाली. घोटलेल्या आकृत्यांच्या बाजारात हे सहसा जमत नाही. लांबची माणसं हवेत तरंगतात. यथार्थदर्शनाचे नियम फळ्यावर लिहून ही चूक सुटत नाही. मुलांना मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभं करून डोकी कुठे आहेत, पाय कुठे आहेत, एवढंच विचारलं तर सहावीतलं मूलही ते शोधून काढतं.

आणखी एक प्रयोग करण्यासारखा आहे. मुलांना आठवणीतून सायकल काढायला सांगा. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसन यांनी २००६ साली दाखवून दिलं, की रोज दिसणाऱ्या सायकलचा सांगाडा, पायडल, साखळी कुठे असतात हे मोठ्या माणसांनाही धड सांगता येत नाही. काहींच्या चित्रात सांगाडा दोन्ही चाकांना थेट जोडलेला होता. अशी सायकल वळणारच नाही! मुलांचं चित्र झालं, की खरी सायकल व्हरांड्यात आणून उभी करावी. कागद-पेन्सिल वर्गातच ठेवायची, बाहेर येऊन नुसतं बघायचं, आत जाऊन पुन्हा काढायचं. अडलं तर परत बाहेर. या येरझाऱ्यांत जे शिक्षण होतं ते तयार चित्रावरून नक्कल करताना होत नाही.

ही पद्धत नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ हे शिक्षक स्मरणाचे धडे साध्या रेषेची लांबी लक्षात ठेवण्यापासून सुरू करत. शिल्पकार रोदँ आणि चित्रकार फाँतँ-लातूर त्यांच्याच हाताखाली शिकले.

पाचवीपासून आठवड्याची एक तासिका अशा पाहण्याला द्यावी. सातवीत स्केचबुक घेऊन वर्ग खऱ्या बाजारात न्यावा. भाजीवाली तराजू कसा धरते, वजन उचलताना हमालाची पाठ कशी वाकते, हे पाहून शाळेत परतल्यावर काढू द्यावं. परीक्षेच्या तयारीला आठवीत मग वेगळी आकृती घोटावी लागणार नाही.

(पुढील लेखांक : संकल्पचित्र)