युद्धसहभागाचा वाद, भारतातील

युद्धसहभागाचा वाद, भारतातील : दुसऱ्या सत्तेच्या वा मित्रराष्ट्राच्या परदेशातील युद्धात भारताने सैन्य, पैसा व साधनसामग्री यांनिशी सामील व्हावे की नाही, यासंबंधी देशांतर्गत झालेला राजकीय वाद. तो प्रामुख्याने दोन महायुद्धांच्या काळात आणि त्यातही १९३९–४२ या वर्षांत तीव्र झाला. वरवर पाहता हा वाद युद्ध न्याय्य की अन्याय्य, असा दिसतो. तथापि नाझी जर्मनी व जपान यांचे आक्रमण काँग्रेसलाही निषेधार्हच वाटत होते. युद्धात उतरण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हा वादाचा खरा गाभा होता. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्रातून तो विशेष स्पष्टपणे प्रत्ययास येतो.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व कामगार समुद्रापार गेले. त्या वेळी प्रमुख पुढाऱ्यांनी साहाय्यास तत्त्वतः विरोध केला नाही. प्रश्न अटींचा होता. म. गांधींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात बिनशर्त सैन्यभरतीचा प्रचार केला. लोकमान्य टिळकांची भूमिका मात्र देवघेवीची होती. मुंबईत १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या युद्धपरिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच त्यांना थांबविण्यात आले व ते सभात्याग करून बाहेर पडले. भारतीयांना सैन्यात अधिकारपदे मिळतील असे आश्वासन गांधींनी सरकारकडून मिळवावे, म्हणजे आपण पाच हजार मराठे भरती करून देऊ, असे सांगून त्यांनी हमीदाखल पन्नास हजार रुपयांचा धनादेश गांधींकडे पाठविला होता. देशसेवेत सौदा नको, या विचाराने गांधींनी तो परत केला.

दोन युद्धांच्या मधल्या काळात काँग्रेसची भूमिका निश्चित होत गेली. भारतीय जनतेच्या संमतीवाचून देशास युद्धात ओढता येणार नाही, असे मद्रास अधिवेशनापासून (१९२७) वेळोवेळी ठरावांद्वारे जाहीर करण्यात आले आणि हरिपुरा अधिवेशनात (फेब्रुवारी १९३८) साम्राज्यशाही युद्धासाठी भारताचे मनुष्यबळ व साधनसंपत्ती वापरू न देण्याचा निर्धार व्यक्त झाला. त्याच वर्षी काँग्रेसने जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनकडे पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक धाडले. डॉ. मदन अटल हे त्याचे प्रमुख होते व त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस (१९१०–४२) यांचा समावेश होता. पथकाने १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई सोडली आणि १९३९ च्या प्रारंभी ते येनानला पोहोचले. कोटणीस ज्या सोलापुरात वाढले, त्या शहराने मे–जून १९३० मध्ये लष्करी कायद्याचा अंमल अनुभवला होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे त्याचे चार नागरिक येरवड्याच्या तुरुंगात फासावर चढले होते. हा अंमल बसविणारे ब्रिटिश सरकार पुढे लोकशाहीच्या रक्षणार्थ भारतीयांचे साहाय्य मागू लागले, तेव्हा तेथील राष्ट्रवाद्यांना त्याचा विश्वास वाटणे कठीण होते. चीनला गेलेले पथक व ब्रिटनला दिलेला नकार यांत त्यामुळे विसंगती नाही. एक निर्णय स्वेच्छेचा होता, दुसरा लादलेला.

व्हाइसरॉय लॉर्ड लिन्‌लिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी, केंद्रीय विधिमंडळास वा कोणत्याही पक्षास न विचारता, भारत युद्धमान असल्याचे घोषित केले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते, कारण संरक्षण व परराष्ट्र व्यवहार हे विषय लोकप्रतिनिधींच्या कक्षेबाहेर होते. राजकीय दृष्ट्या मात्र ही घोर चूक ठरली. काँग्रेस कार्यकारिणीने १४ सप्टेंबर रोजी वर्धा येथे ब्रिटनने आपली युद्धोद्दिष्टे जाहीर करावीत व ती भारतास कशी लागू होणार हे सांगावे, अशी मागणी केली. युद्धानंतर विचारविनिमय करू, एवढेच उत्तर १७ ऑक्टोबरला मिळाले. मुंबई विधानसभेत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने याबाबतचा ठराव मांडला व नोव्हेंबरच्या प्रारंभी राजीनामा दिला. त्यानंतर १९४६ पर्यंत प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती राहिला.

काँग्रेसचा विरोध अहिंसेतून आला, ही समजूत अपुरी आहे. जुलै १९४० मध्ये पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने स्वातंत्र्याची घोषणा व केंद्रात राष्ट्रीय सरकार या अटींवर युद्धात सहकार्य देऊ केले आणि त्यासाठी गांधींचे नेतृत्वही काही काळ बाजूस ठेवले. सरकारच्या ऑगस्टमधील प्रस्तावाने निराशा झाल्यावरच १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबा भावे यांच्या भाषणाने वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. ‘छोडो भारत’ ठरावातही (८ ऑगस्ट १९४२) स्वतंत्र भारत दोस्तराष्ट्रांच्या बाजूने लढेल, असे म्हटले होते.

महाराष्ट्रातील अन्य मतप्रवाह याहून वेगळे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधानसभेतील चर्चेत काँग्रेसने सर्वांच्या वतीने बोलण्यास आक्षेप घेतला आणि कोणत्याही तडजोडीत अस्पृश्यांचा स्वतंत्र विचार व्हावा, असा आग्रह धरला. ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धान्तामुळे महारांना सैन्याची दारे बंद झाली होती, पहिल्या महायुद्धात उभारलेली त्यांची पलटणही १९२१ मध्ये मोडण्यात आली होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, ती या पार्श्वभूमीवर. ज्यांना शस्त्र धरण्याचा अधिकारच नाकारला गेला होता, त्यांच्या दृष्टीने युद्धसहभागाचा अर्थ निराळा होता. काँग्रेसच्या ठरावांत त्याची दखल क्वचितच आढळते. वि. दा. सावरकर यांनी हिंदू महासभेच्या व्यासपीठावरून हिंदूंच्या सैनिकीकरणाचा पुरस्कार केला : युद्ध कोणाचेही असो, शस्त्रविद्या हाती येते, हा त्यांचा युक्तिवाद. मानवेंद्रनाथ रॉय व त्यांचे अनुयायी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना फॅसिझमचा पराभव हीच स्वातंत्र्याची पूर्वअट वाटत होती. कम्युनिस्टांची भूमिका मध्येच पालटली. त्यांच्या पुढाकाराने २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईत सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धविरोधी संप केला. जर्मनीने रशियावर स्वारी केल्यानंतर मात्र, १९४१ च्या अखेरीस, त्याच युद्धास त्यांनी ‘लोकयुद्ध’ ठरविले.

या वादविवादामुळे भरती थांबली नाही. सुमारे दोन लाखांची भारतीय सेना १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. मराठा पलटणी एरिट्रिया व इटली येथे लढल्या. भरती होणाऱ्यांपैकी अनेकांना पगार व शिधा यांची निकड पक्षांच्या ठरावांहून मोठी होती. नागरी जीवनासही झळ पोहोचली. गिरण्यांचे कापड लष्कराकडे वळल्याने टंचाई निर्माण झाली व जून १९४३ मध्ये कापड व सूत यांवर नियंत्रण आले. सोलापूरसारख्या, गिरण्या व हातमाग शेजारी नांदणाऱ्या शहरात सुताची टंचाई म्हणजे विणकराचा माग थांबणे होय. डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये, तेथील बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख असताना, मरण पावले. तोवर चीन व ब्रिटन दोस्तराष्ट्रे झाली होती आणि कोटणीसांना पाठविणाऱ्या काँग्रेसचे नेते ब्रिटिशांच्या तुरुंगात होते.

स्वातंत्र्यानंतर निर्णयाचा अधिकार भारतीयांकडे आला. संविधानाने ‘युद्ध व शांतता’ हा विषय संघसूचीत घातला. युद्ध पुकारण्यास संसदेची पूर्वसंमती आवश्यक असल्याचे मात्र कोठेही नमूद केले नाही. कोरियाच्या युद्धात (१९५०–५३) भारताने लढाऊ सैन्य न पाठविता ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक धाडले. या वेळी चिनी सैन्य समोरच्या बाजूस होते. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारतीय सैन्याची मागणी केली, तेव्हा जुना वाद नव्या स्वरूपात उभा राहिला. संसदेने एप्रिलमध्ये एकमताने संमत केलेल्या ठरावात इराकवरील कारवाईसाठी ‘निंदा’ हा हिंदी शब्द योजला होता व त्याच्या इंग्रजी प्रतिशब्दाच्या तीव्रतेवरून बरीच चर्चा झाली. सरकारमध्ये सैन्य पाठविण्यास अनुकूल असलेले एक मतही होते. विरोधी पक्षांनी मात्र त्यास स्पष्ट विरोध केला. संयुक्त राष्ट्रांचा सुस्पष्ट आदेश नसल्याने सैन्य पाठविता येणार नाही, असा निर्णय १४ जुलै २००३ रोजी झाला. तो मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने घेतला. संसदेत त्यावर मतदान झाले नाही.