राजीनामा आणि नोटिशीचा काळ

पेढीची गादी सांभाळणाऱ्या घरांतील मुले-मुली आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत लेखापाल, अभियंता, व्यवस्थापक म्हणून काम करू लागली आहेत. देण्याघेण्याचे व्यवहार या घरांना नवे नाहीत. नोकरीच्या कराराची रीत मात्र अनेकांना नवी आहे. अधिक पगाराची दुसरी नोकरी चालून येते, नवी कंपनी महिन्याभरात रुजू व्हायला सांगते आणि जुन्या नियुक्तीपत्रात नोटिशीचे ९० दिवस लिहिलेले असतात. घाईत घेतलेला निर्णय अशा वेळी महाग पडतो.

सर्वप्रथम नियुक्तीपत्र पुन्हा वाचावे. नोटिशीऐवजी पैसे भरून सुटका करून घेण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला आहे की ते कंपनीच्या मर्जीवर आहे, शिल्लक रजा त्या काळात धरली जाते का, आणि कपात मूळ पगारावर की एकूण पगारावर, हे तिन्ही मुद्दे तपासावेत. समजा, एकूण मासिक पगार ६०,००० रुपये व मूळ पगार ३०,००० रुपये आहे. ९० दिवसांऐवजी ३० दिवसांतच नोकरी सोडल्यास दोन महिन्यांची भरपाई द्यावी लागेल. एकूण पगारावर ती १,२०,००० रुपये होते, मूळ पगारावर ६०,००० रुपये. करारातील एका शब्दाचे हे मोल आहे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ नुसार कोणालाही नोकरीत राहण्याची सक्ती न्यायालय करीत नाही. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल, ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत, वाजवी भरपाई मागता येते. म्हणून न सांगता कामावर जाणे बंद करणे हा सुटकेचा मार्ग नव्हे. कार्यमुक्तीचे पत्र अडकले, तर नवी नोकरीही अडचणीत येते.

क्रमही महत्त्वाचा आहे. रुजू होण्याच्या तारखेसह नवे नियुक्तीपत्र लेखी हाती आल्यावरच राजीनामा द्यावा. भरपाईची रक्कम नवी कंपनी सोसणार असेल, तर तेही लेखी घ्यावे. राजीनामा ई-मेलने द्यावा, त्यात कामाचा शेवटचा दिवस नमूद करावा आणि पोच जपून ठेवावी. लवकर मुक्त व्हायचे असल्यास आधी कामे सोपविण्याचे वेळापत्रक वरिष्ठांसमोर ठेवावे, मग सवलत मागावी. पुष्कळदा ती मिळते.

निघताना दोन गोष्टी विसरू नयेत. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावी. सलग पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी काढल्यास सामान्यतः ती करपात्र ठरते. तसेच जुन्या नोकरीतील पगार व कापलेला कर नव्या कंपनीला कळवावा. अन्यथा दोन्हीकडे करसवलतींचा लाभ दिला जातो आणि वर्षअखेरीस व्याजासह कर भरण्याची वेळ येते.

हा विषय केवळ नोकरी करणाऱ्यांचा नाही. आपल्या दुकानातील मुनीम किंवा विक्रेता अचानक निघून गेला, की व्यापारी हवालदिल होतो. पण अनेक दुकानांत नोटिशीची अट कागदावर नसतेच. दोन्ही बाजूंना सारखीच, उदाहरणार्थ ३० दिवसांची, अट लिहून घेणे उभयतांच्या हिताचे आहे. जाणाऱ्याचा पगार अडवून ठेवण्याची जुनी सवयही सोडावी. वेतन संहिता, २०१९ मध्ये राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करण्याची तरतूद आहे.

बाजारात पत जशी वेळेवर फेडलेल्या हुंडीने वाढते, तशी नोकरीत ती नीट पूर्ण केलेल्या शेवटच्या महिन्याने वाढते. पुढे चौकशीसाठी फोन जातो, तो जुन्या वरिष्ठांनाच.